त्याच्या हातचा श्वास

मला भूल द्यायला शिकवण्याआधी दोतोरांनी मलाच भूल दिली. इस्पितळात नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. दुपारची जेवणं आटोपली होती, ऑपरेशनच्या खोलीत कुणी नव्हतं. दोतोर, म्हणजे आमचे डॉक्टर, आत आले आणि म्हणाले, "मेजावर आडवी हो." मला वाटलं चेष्टा करतायत. पण मागोमाग मोठी बाय आली, तिनं दार लावलं आणि माझे दोन्ही हात पट्ट्यांनी मेजाला बांधले. मोठी बाय म्हणजे आमची वरिष्ठ नर्स. पन्नाशीची, अंगानं भक्कम, पोर्तुगीज होते तेव्हापासून बाळंतपणं करणारी.

माझ्या तोंडावर तारेचा एक मुखवटा आला. चहाच्या मोठ्या गाळणीसारखा, वरून गॉजच्या सात-आठ घड्या. त्यावर दोतोर बाटलीतून इथर थेंबथेंब सोडू लागले. गोडसर, झणझणीत वास. "आकडे मोज," ते म्हणाले. मी अकरापर्यंत मोजले म्हणे. मला आठवतं ते एवढंच, की श्वास घ्यायला गेले की नुसता वास आत यायचा, हवा यायची नाही. मी मान वळवत होते आणि जबड्याखाली धरलेली त्यांची बोटं मला पुन्हा सरळ करत होती.

शुद्धीवर आले तेव्हा मोठी बाय पोट धरून हसत होती. "काय काय बोललीस गे!" म्हणाली. काय बोलले ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढं माझी काही चूक झाली की ती नुसती बघून म्हणायची, "सांगू सगळ्यांना?"

मी बादलीत ओकत होते तेव्हा हात धूत दोतोर म्हणाले, "आता तुला कळलं, कसं गुदमरतं ते. रुग्ण असाच धडपडणार, तुला दया येणार. दया आली म्हणून मुखवटा उचललास तर तो अर्धवट भुलीत उठून बसेल, आणि माझी सुरी कुठं जाईल ते देव जाणे."

मी पेडण्याकडची. वडील मराठी शाळेत मास्तर. पोर्तुगीज गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. मॅट्रिक झाले आणि लग्न जमेपर्यंत घरी बसण्यापेक्षा काहीतरी शीक म्हणून डिचोलीला मावशीकडे आले. तिथल्या ह्या खासगी इस्पितळात मला घेतलं. बारा खाटा, एक ऑपरेशनची खोली, एक बाळंतिणींची. खाणी जोरात चालल्या होत्या. खनिजाचे ट्रक दिवसभर समोरून जायचे, जनेलाच्या काचांवर तांबडी धूळ बसायची, चादरी कितीही उकळल्या तरी तांबूसच राहायच्या. भूल देणारे खरे डॉक्टर म्हापशाहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. इतर दिवशी तातडीचं काही आलं तर इथरची बाटली आणि मी.

माझा हात चांगला होता. खोटी नम्रता कशाला? दोन बोटं जबड्याखाली, एक कानापुढच्या नाडीवर, नजर छातीवर. थेंब किती भराभर पडू द्यायचे, कधी आवरायचे, हे मला वर्षभरात सांगावं लागेनासं झालं. दोतोर पाहुण्या डॉक्टरांना माझ्यासमोर सांगायचे, "ही पोर मास्तराची, पण हात सोनाराचा." मी घरी पत्रात ते लिहून कळवलं होतं.

बाळंतिणींच्या खोलीत भूल नव्हती. तिथं मोठी बाय होती. ओरडणाऱ्या बाईच्या मांडीवर ती सपकन हात मारायची. "घोवाकडे जाताना ओरडली नाय ती?" हे ती रोज म्हणायची आणि रोज आम्ही हसायचो. टाके घालताना बधिर करायचं इंजेक्शन गावातल्या व्यापाऱ्यांच्या, नोकरदारांच्या सुनांना मिळायचं. खाणीवरच्या कामगारांच्या बायकांना मिळायचं नाही. औषध संपलेलं नसायचं, कपाटात दिसायचं. "ह्यांना लागत नाय," मोठी बाय म्हणायची. "दगड उचलणारी माणसं." पहिल्या महिन्यात हे ऐकून मी मागच्या दारी जाऊन रडले होते. सहाव्या महिन्यात मी स्वतः एकीच्या मांडीवर हात मारला. ती माझ्याच वयाची होती. ती ओरडायची थांबली आणि मला वाटलं, आपल्याला जमलं.

भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. जागेपणी काही घशाशी आलं तर ठसका लागून बाहेर पडतं. भुलीत ठसका लागत नाही, आलेलं सरळ श्वासनळीत उतरतं. म्हणून आधी विचारायचं. आम्ही ते दरडावून विचारायचो. "काय खाल्लंस? खरं सांग. खाल्लं असशील तर दोतोर हात लावायचे नाहीत, जा घरी परत." असं विचारल्यावर कुठली बाई खाल्लं म्हणून सांगेल, हा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही.

ती आली तो बुधवार होता. भातं कापणीला आली होती. अकराच्या सुमाराला खनिजाचा एक रिकामा ट्रक दारात थांबला आणि ड्रायव्हरच्या बाजूनं तिला दोघांनी मिळून उतरवलं. एक तिचा नवरा, पंचविशीचा, खाणीवर खनिज भरायच्या कामावर होता. दुसरी त्याची थोरली बहीण. माणसं दोडामार्गाच्या पलीकडची, राहायला खाणीजवळच्या झोपड्यांत. दोन दिवस ती तिथं कळा देत होती. दोतोरांनी तपासलं, मूल आडवं होतं. "पोट उघडायला लागणार," ते म्हणाले. "लगेच. हिची तयारी कर."

मी तिला आत घेतलं. विशीची असेल, काळीसावळी. कळ आली की ओठ चावायची, आवाज काढायची नाही. कुणीतरी तिला आधीच सांगून ठेवलं असावं, इथं ओरडायचं नसतं.

"काय खाल्लंस?" मी विचारलं. "खरं सांग हां. खाल्लं असशील तर जा परत."

"काय नाय, बाय," ती म्हणाली. "पाणीव नाय."

तिच्या हनुवटीखाली, गळ्याच्या घडीत, उकड्या तांदळाचं एक शीत चिकटलं होतं. लालसर, ओलं. पेजेचं. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मान वर केली तर तिची नणंद माझ्याकडे बघत होती. ती पुढं झाली आणि पदरानं भावजयीची हनुवटी पुसली, घाम पुसावा तशी. मी कागदावर लिहिलं: सकाळपासून उपाशी.

दोतोरांना सांगितलं असतं तर त्यांनी नळी घालून पोट आधी रिकामं केलं असतं. अर्ध्या तासाचं काम. ते माझ्यावर ओरडले असते, तिच्यावर ओरडले असते, आणि जेवायला तीन वाजले असते. मला भूक लागली होती. एवढंच कारण होतं. ह्याहून मोठं कारण मी कितीतरी वर्षं शोधत राहिले, मिळालं नाही.

मेजावर तिचे हात बांधले. मी मुखवटा ठेवला. "आकडे मोज."

"माका येना नाय मोजूक."

"मग घोवाचं नाव घे," मी म्हटलं. मोठी बाय खिदळली. ती लाजली. मेजावर बांधलेली, पोटात मूल आडवं, आणि ती लाजून हसली. थेंब पडू लागल्यावर मान हलवून म्हणाली, "बाय, माका गुदमारता." मी जबडा घट्ट धरला. पाचव्या-सहाव्या श्वासाला तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, अगदी हळू, आणि मग ती सैल झाली.

सगळं नीट चाललं होतं. दोतोरांनी पोट उघडलं, हात आत घातला, मुलाचा पाय धरून ओढू लागले. त्या ओढीबरोबर तिच्या पोटातून एक उमाळा वर आला आणि मुखवट्यातून पेज वाहू लागली. पांढरं पाणी, लाल शितं. मी मुखवटा फेकला, तिची मान वळवली, तोंडात बोटं घालून शितं काढू लागले. "ओढायचं यंत्र!" मी ओरडले. घशातलं ओढून काढायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण ते पायानं चालवायचं होतं, आणि पाय मोठ्या बायचे. तेवढ्यात मूल बाहेर आलं. निळं, लुळं. मोठ्या बायनं ते घेतलं आणि ती कोपऱ्यातल्या मेजाकडे वळली.

"मोठे बाय, यंत्र!"

"पोर रडत नाय!" ती पाठमोरीच ओरडली.

दोतोरांचे दोन्ही हात पोटात होते, रक्त येत होतं, ते सोडून येऊ शकत नव्हते. मी एका हातानं तिची मान धरून एका पायानं यंत्राचा दांडा गाठायचा प्रयत्न करत होते, तो पोचत नव्हता. तिचे ओठ निळे झाले, मग कान, मग नखं. मागं मोठी बाय मुलाच्या तोंडाला तोंड लावून फुंकत होती, पाठ चोळत होती, पुन्हा फुंकत होती. शेवटी पोर रडलं. मुलगी. ती रडली त्याच वेळी माझ्या बोटाखालची आईची नाडी थांबली.

मग दोतोर डोक्याकडे आले, मोठी बाय यंत्रावर आली. त्यांनी घशात दिवा धरला, श्वासनळीत रबरी नळी घातली, छाती दाबली. नाडी परत आली. किती वेळ गेला होता ते मला सांगता येणार नाही. परत आली, पण श्वास आला नाही. नळीला काळ्या रबराची पिशवी जोडली. ती दाबली की छाती वर यायची, सोडली की खाली. दाबायचं थांबलं की छातीही थांबायची.

दोतोरांनी पणजीला फोन लावला. लाईन मिळायलाच तास गेला. तिथं श्वास देणारी यंत्रं मोजकीच होती आणि ती सगळी रुग्णांना लागलेली होती. रिकामं झालं तर कळवू, म्हणाले.

दुपारभर मी आणि मोठी बाय आळीपाळीनं पिशवी दाबत राहिलो. संध्याकाळी दोतोर म्हणाले, "तुम्ही दोघी इथंच अडकलात तर वॉर्ड कोण बघणार? नवऱ्याला बोलवा."

त्याला मी शिकवलं. तो हात धुऊन आला, दोनदा धुतले होते तरी बोटांच्या भेगांतलं तांबडं निघालं नव्हतं. बायकोच्या तोंडातली नळी बघून तो दारातच थबकला.

"तिका दुखता?"

"नाही. झोपलीय. ये इकडे. ही धर. जोरात नको. दाब, आता सोड. छाती वर आली बघ?"

"कितक्या वेळान दाबूचा?"

"तुझा श्वास येतो ना, तसा तिला दे."

त्यानं ते शब्दशः घेतलं. तो डोळे मिटून आपला श्वास ऐकायचा आणि आत घेताना दाबायचा. थोड्या वेळानं म्हणाला, "माका वाटता, ती माझ्या वांगडा घेता." एकत्र, बरोबरीनं, असं त्याला म्हणायचं होतं. मी हो म्हटलं.

कामाची पाळी सुटल्यावर खाणीवरचे दोघे सोबती आले. ते म्हणाले, आम्ही धरतो, तू जरा पड. त्यानं एकाला घटकाभर धरू दिलं आणि खाटेपाशी जमिनीवर बसून त्याच्या हाताकडे बघत राहिला. मग उठून पिशवी परत घेतली. "हेचो हात चुकता," म्हणाला. बाहेरच्या व्हरांड्यात त्याची बहीण मुलीला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत बसलेली असायची. ती आत आली नाही. मी समोरून गेले की मान खाली घालायची.

गुरुवारी सकाळी दोतोरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडाला हलत नव्हत्या. त्यांनी पायाच्या तळव्याला सुई टोचली, डोळ्याला कापूस लावला. काही नाही. नवरा पिशवी दाबता दाबता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"कसा वाटता, दोतोर?"

"चालू दे," दोतोर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यामागं त्यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "ह्यात आता काही उरलं नाही. मेंदू गेला. हृदय तरणं आहे म्हणून चालतंय."

"मग त्याला सांगायचं ना?"

"आज नको. उद्या शुक्रवार. उद्या म्हापशाचे डॉक्टर येतील, त्यांनाही बघू दे."

शुक्रवारी म्हापशाचे डॉक्टर आले. त्यांनी बघितलं, मान हलवली. दोघं इंग्रजीत काही बोलले. त्या दिवशी सहा ऑपरेशनं ठरलेली होती. दुपारी मी पुन्हा विचारलं, तेव्हा दोतोर म्हणाले, "आज व्हरांड्यात रडारड नको मला. बाकीचे रुग्ण घाबरतील. उद्या सकाळी." आणि तो माणूस शुक्रवारची दुपार, संध्याकाळ, सगळी रात्र पिशवी दाबत राहिला. त्याचं मनगट सुजून दुप्पट झालं. मोठ्या बायनं त्याला पट्टी बांधली. तिनं त्याला स्वतःच्या वाट्याचा उंडो आणि चहा नेऊन दिला, त्यानं एका हातानं तो पाव चहात बुडवून खाल्ला, दुसऱ्या हातानं दाबणं चालू. मोठी बाय बाहेर येऊन मला म्हणाली, "दोतोराला सांग गे. माझ्याच्यानं बघवत नाय." मी तिला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. तीही सांगायला गेली नाही, मीही नाही.

शनिवारी सकाळी दोतोरांनी मला बोलावलं.

"आता त्याला जाऊन सांग, थोडा वेळ हात काढून बघ. स्वतः श्वास घेते का बघू."

"ती घेणार नाही, दोतोर."

"मला माहीत आहे."

"मग तुम्हीच जाऊन खरं काय ते सांगा. नाहीतर मी काढते पिशवी."

त्यांनी दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही. "खाणीवरचे चाळीसेक लोक फाटकाबाहेर बसलेत. आपण पिशवी काढली तर आपण मारली. त्यानं हात काढला आणि तिनं श्वास घेतला नाही, तर तिचं नशीब. त्याच्या हातात गेली की तो कुणाला बोलणार?"

मी दाराकडे वळले.

"आणि हे बघ," ते म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे फिरवला. सकाळपासून उपाशी. माझं अक्षर. "मी तिच्या पोटातून काय बाहेर आलं ते बघितलंय. भूल तू दिलीस. तू जा."

मी गेले. तो तसाच बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तीन दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हात लावत होते.

"आता थोडा वेळ सोडून बघ," मी म्हटलं. "आपलं आपण घेते का बघू."

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्याला वाटलं ही बरं होण्याची पायरी आहे. "आता घेतली ती?" घेईल ना, असं त्याला विचारायचं होतं.

"बघू ना."

"मी थांबलंय आणि तिना घेतल्यान नाय तर?"

"तर परत धर."

त्यानं एक मोठा श्वास दिला, जास्तीचा, शिदोरी बांधून द्यावी तसा, आणि हात काढला. छाती खाली गेली. आम्ही दोघं बघत राहिलो. तो तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "घे गे. घे." मग थोडं मोठ्यानं. मग त्यानं पिशवी पुन्हा पकडली, दाबली, दोन-चारदा भराभर दाबली, आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून एकदा बघू," मी म्हटलं. "आता घेईल."

हे मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. ते माझं. मला ते संपायला हवं होतं. त्यानं पुन्हा हात काढला. ह्या वेळी मी त्याचं सुजलेलं मनगट धरून ठेवलं. त्यानं सोडवायचा प्रयत्न केला, पण तीन दिवसांच्या हातात जोर राहिला नव्हता. मी धरून ठेवलं, तिचे ओठ निळे होईपर्यंत, आणि नंतरही.

दोतोर आत आले, नाडी बघितली आणि म्हणाले, "तू पुष्कळ केलंस रे बाबा. तिचं नशीब नव्हतं." त्यानं त्यांचे पाय धरले.

ज्या ट्रकनं तिला आणलं तसल्याच एका ट्रकनं ते तिला गावी घेऊन गेले. फाटकाबाहेरचे लोक उठले आणि मुकाट्यानं मागं गेले. दगड कुणी मारला नाही. दोतोरांचा अंदाज बरोबर होता. मी पुढं आणखी दीड वर्ष तिथं राहिले, भूल देत राहिले, दोतोर माझ्या हाताची तारीफ करत राहिले. मोठी बाय मात्र मी चुकले तरी मला "सांगू सगळ्यांना?" म्हणेनाशी झाली.

नंतर मी रीतसर नर्सिंग केलं, सरकारी नोकरी मिळाली. त्या बुधवारानंतर सात-आठ वर्षांनी मी वाळपईला होते. एका रविवारी पेडण्याहून परत जाताना साखळीच्या स्टँडवर बस बदलायला उतरले, तर समोरून एक माणूस सरळ माझ्याकडे आला. सोबत एक मुलगी, रविवार असूनही शाळेच्या गणवेशाच्या फ्रॉकमध्ये, चांगला फ्रॉक तेवढाच असावा.

"बाय, वळाखलात?"

मी ओळखलं होतं. तो आधी मुलीकडे वळला. "पायां पड. ह्यांनीच तुका पयल्यांदा बघल्यानी. तुझ्या आयेक ह्यांनी तीन दीस जिती ठेवल्यानी." मुलगी वाकली. मी तिला पाया पडू दिलं. मग त्यानं तिला समोरच्या गाड्यावर थंड घ्यायला पाठवलं.

तो आता मुरगावला होता, बार्जवर. मुलगी आजीकडे गावी. मी बहिणीची चौकशी केली तर त्याचं तोंड कडू झालं. "तिचा नाव काढू नकात. तिनाच पेज घातल्यान, माझो डोळो चुकवन. ट्रकात मढ्याकडे बसान रडत सांगल्यान. त्या दिसापासून मी तिच्याशी बोलूक नाय. घरात घेऊक नाय." ती कुठं असते विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, कुणाच्या तरी काजूच्या बागेत राखणीला असते म्हणतात.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. तिनं घातलेली पेज मी बघितली होती. अर्ध्या तासाचं काम होतं. ते माझ्या जिभेवर आलं, आणि मी म्हटलं, "असू दे रे. तिनं मायेनंच घातली असेल."

"तिचा जावंदे," तो म्हणाला. "माझाव चुकला. तुमी सांगलात आणि मी हात काढलंय. हात दुखत होतो, बाय. खरा सांगतंय, मनात इला, सुटलंय. म्हणान काढलंय. अजून एक दीस धरून रवलंय असतंय तर उठली असती ती." हे त्यानं अगदी सरळ सांगितलं, रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं. "रोज रातचा हात जागो होता माझो."

मला त्याची कीव आली. ह्याचं तरी ओझं उतरवू, असं मनात आलं. आपलं सांगण्याइतकं धैर्य नव्हतं, तर निदान दोतोरांचं सांगावं. मी म्हटलं, "तुझी काही चूक नाही. तू हात काढलास म्हणून ती गेली नाही. ती गुरुवारीच गेली होती. दोतोरांनी डोळे बघितले ना सकाळी, तेव्हाच. शनिवारपर्यंत नुसतं हृदय चालत होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मनातल्या मनात दिवस जुळवत होता ते ओठांवर दिसत होतं. गुरुवार, शुक्रवार.

"तुमका गुरवारी ठावक होता?"

"हो."

"म्हणजे दोन दीस, दोन राती तुमी माका मढ्यात वारो भरूक लावलात?"



"मी तिच्याशी बोलत होतंय," तो म्हणाला. "शुक्रवारी रातभर मी तिच्याशी बोललंय. चेडवाचा नाव काय ठेवया म्हणान इचारलंय."

तेवढ्यात मुलगी बर्फाची कांडी चोखत परत आली. तिचे ओठ लाल झाले होते. तिनं बापाचा हात धरला. तो माझ्याकडे न बघता वळला आणि तिला घेऊन पणजीच्या गाडीकडे गेला. गाडी भरलेली होती. त्यानं तिला आधी वर चढवलं आणि मग स्वतः दांड्याला धरून पायरीवर उभा राहिला. मुलीनं आतून वाकून मला हात केला. त्यानं ते बघितलं आणि तिचा हात धरून आत ओढला. वाळपईची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी जाऊन बसले. दोनला माझी ड्युटी होती.